आईसाठी विमानातली जागा

दि. १४ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. आत्ताच एका टॅक्सीच्या मागच्या सीटला कव्हर ओढून बसवले आणि त्याच सीटवर बसून लिहीत आहे.

तीर्थरूप मामांस नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? मामींचा गुडघा? इथे आईची पाठ आहे तशीच. परगावच्या ऑपरेशनला नऊ दिवस उरले, डॉक्टर पुन्हा तारीख देणार नाहीत, आणि बसमधले चौदा तास तिला झेपणार नाहीत. छोट्या विमानाने सव्वा तास लागतो. पण आई म्हणते, "हवेत लटकायला मी काय दोरीवरचं धुणं आहे?" म्हणून रविवारी मीच जाऊन आलो, तिच्यासाठी जागा पारखायला. (स्वतः बसल्याशिवाय कुठल्याही सीटला चांगले म्हणायचे नाही, असा आमच्या दुकानाचा नियम आहे.)

चढायला मागच्या दाराशी फक्त पाच पायऱ्या. आत दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. मी शेवटच्या रांगेपासून सुरुवात केली: बसायचे, पाठ टेकायची, टेपने मोजायचे, वहीत लिहायचे, पुढची खुर्ची. अकराव्या खुर्चीवर बसलो तेव्हा हवाई सुंदरी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या की लहान विमानात कोण कुठे बसतो यावरून वजनाचा तोल ठरलेला असतो. मामा, माझे वजन एकसष्ट किलो. मी मुकाट्याने माझ्या जागेवर गेलो आणि त्यानंतर शिंकलो तेसुद्धा नाकासमोर, डावीकडे-उजवीकडे न वळता.

माझी जागा इंजिनाच्या पंख्याशेजारी, कान किटवणारी. पण पंख खिडकीच्या वर असल्यामुळे खालचे सगळे दिसते. आधी पंख्याची पाती मोजता येत होती (सहा आहेत). मग ती दिसेनाशीच झाली, आणि त्या न दिसणाऱ्या पात्यांनी आम्हाला सामानासकट उचलले. चाक माझ्या डोळ्यांदेखत वर आले, दुमडले, आत गेले. बारा वर्षे मी कापड दुमडतो आहे, पण इतकी स्वच्छ घडी मला जमलेली नाही. खाली बसचा घाट कच्च्या टाक्यासारखा वेडावाकडा. ढगाची सावली शेतांवरून चालत होती, आणि तो ढगही मला वरून दिसत होता. दोघांना एकदम पाहण्याइतके मी काय केले आहे, असे वाटून डोळे भरून आले. तोल विसरून मी काचेला नाक लावले. विमान कलंडले नाही.

तर आईसाठी शेवटून दुसरी रांग, वाटेकडची खुर्ची. दार जवळ, आवाज कमी, पाठीला टेकू घट्ट.

आपला भाचा

ता. क. : आई तुमचेच ऐकते. फोन करून तिला विमानासाठी तयार करा. आणि खिडकीशी वारा लागतो, पाठीला वाईट, असेही सांगा. (खिडकी उघडत नाही हे मला ठाऊक आहे. पण तिच्या शेजारची ती जागा मला हवी आहे.)

ता. क. दुसरा, आईच्या अक्षरात : दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा वाचलं. फोन करू नकोस. तिकिटं काढायला त्याला पिटाळलंय. खिडकी माझी.