खडकाकडे जाणारी सकाळची फेरी

चि. छोट्यास (एकसष्ट वर्षांच्या डॉक्टरला हे शोभत नाही, ठाऊक आहे, पण मला तुला दुसरं काही म्हणता येत नाही),

ताईचे भरपूर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी त्याच्या मागून. तुझी शुगर, तुझ्या बायकोची पाठ आणि तुमच्या गॅलरीतली ती कुंडी (जिला तुम्ही दोघं एकमेकांना न सांगता पाणी घालता) हे सगळं बरं आहे असं धरून चालते.

बातमी अशी की मी समुद्रात उतरणार आहे. पोहायला नव्हे, खाली. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, पायांत बदकाचे पंजे, असा सगळा सरंजाम लावून. वाचता वाचता खुर्चीतून उठला असशील तर परत बस, अजून पुष्कळ आहे.

डेपोत वेळापत्रकाच्या खोलीत मी एकतीस वर्षं काढली. त्या खोलीच्या खिडकीतून समुद्रात एक काळपट डाग दिसायचा, किनाऱ्यापासून जेमतेम दीडशे मीटरवर. मला वाटायचं शेवाळ असेल. निवृत्त झाल्यावर कळलं की तो प्रवाळाचा खडक आहे, आपल्या डेपोच्या आवाराएवढा, दोन पुरुष खोल, आणि तिथे माशांची वर्दळ आपल्या सकाळच्या नऊच्या पाळीसारखी. हे मला किनाऱ्यावरच्या डायव्हिंग शाळेच्या मास्तरणीने सांगितलं. (वय सव्वीस. पहिल्या दिवशी मला आजी म्हणाली, दुसऱ्या दिवसापासून मॅडम म्हणते. मधल्या वेळात काय झालं ते तुला माहीत आहे, तू माझा भाऊ आहेस.) छोट्या, मी आयुष्यभर हजारो माणसांना गावोगावी पोचवलं आणि स्वतः टेबलावरून हलले नाही. मला तिथे जायचंच आहे. हे मात्र मी गमतीने लिहीत नाही.

अडचणी दोन. एक, मी लवकरच पासष्ट पुरी करते आणि त्यानंतर पहिल्यांदा उतरणाऱ्याचा विमा कोणी उतरवत नाही. दोन, शाळेचा नियम आहे की पाण्यात जोडीनेच उतरायचं. मास्तरीण पुढे असते, पण तिला जोडीत धरत नाहीत. म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या कंडक्टरला पटवलं. पंचवीस वर्षं एका डेपोत काढलेला माणूस, म्हटल्यावर विश्वासाचा. तलावातली दोन दिवसांची शिकवणी त्याने माझ्यापेक्षा बरी केली. फक्त वर आल्यावर दर वेळी माणसं मोजायचा.

आता फेरीची आखणी. हे काम मास्तरणीने स्वतःहून माझ्याकडे दिलं (मी तीनदा मागितल्यावर). किनाऱ्यावरून उतरायचं तर भरती पुरी व्हायला हवी, नाहीतर वाटेतले निसरडे दगड उघडे पडतात. भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ कुठेच ओढत नाही. तेवढ्यात जाऊन, बघून, निम्म्याहून जास्त हवा शिल्लक असताना परत फिरायचं. मी मोठ्या कागदावर तक्ता काढला. निघणं, खडकाचं उत्तर टोक, कपार (थांबा चार मिनिटं), परत. भरती सात वीसला, असं छापील तक्त्यात होतं.

आणि इथे माझी एकतीस वर्षं आडवी आली. आमच्या डेपोत फलकावरची वेळ नेहमी दहा मिनिटं आधीची असे, म्हणजे प्रवासी धावतपळत का होईना पण येतो आणि गाडी चुकत नाही. ही सवलत मीच सुरू केली होती. त्यामुळे भरतीचा तक्ता बघताना मी अगदी सहज धरलं की ज्याने तो केला त्यानेही दहा मिनिटं हातची राखली असणार. कोणताही शहाणा माणूस राखेल. म्हणजे भरती खरी साडेसातला. त्या हिशेबाने मी कंडक्टरला किनाऱ्यावर पोचायला सहा चाळीस सांगितलं. त्याने ओळखलं की ही बाई दहा मिनिटं आधीची वेळ सांगते, म्हणून तो सहा पन्नासला निघाला, कारण ती पोचायची नव्हे, घरून निघायची वेळ आहे असं त्याने आणि त्याच्या बायकोनेही धरलं. शिवाय रबरी पोशाख त्याने उलटा घातला, चेन पुढे घेऊन. तो काढायला दोन माणसं आणि पंचवीस मिनिटं लागली.

आम्ही सज्ज झालो तेव्हा समुद्र परतीच्या वाटेला लागला होता. मास्तरीण शांतपणे म्हणाली, "मॅडम, समुद्र कोणासाठी थांबत नाही." मी तिला म्हटलं की आमच्याकडे निदान शिट्टी तरी मारतात. तिने फेरी रद्द केली आणि तिचं बरोबरच होतं. पण कंडक्टर म्हणाला, गुडघाभर तरी जाऊन येऊ, आणि पायांतले पंजे न काढता दगडांवरून सरळ चालू लागला. ते घालून उलटं चालायचं असतं. चौथ्या पावलाला तो आडवा झाला. आम्ही धावलो तर पडल्या पडल्या आमच्याकडे बोट करून म्हणतो, "तिघं आहोत, सगळे आहोत." घोटा मोडला आहे. चार आठवडे प्लास्टर. त्याची बायको जिन्यात भेटली की माझ्या चपलांकडे बघून बोलते.

सकाळची तशी भरती आता येत्या रविवारी आहे, आणि माझा वाढदिवस त्याच्या दुसऱ्या दिवशी. एवढीच एक फेरी उरली आहे. जोडीदार नाही. असो. तू काळजी करू नकोस, वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई

ता. क. सोबत आरोग्याचा फॉर्म पाठवला आहे. डॉक्टरची सही लागते.

ता. क. २. तो माझा नाही. माझा इथल्या डॉक्टरने महिन्यापूर्वीच सही करून दिला. सोबतचा तुझ्या नावाचा आहे. "पोहता येतं का" यापुढे मी "हो" लिहिलं आहे, कारण शिकवलं मीच होतं. शुगरचं खरं तेच लिही आणि सही दुसऱ्याकडून घे, स्वतःची चालत नाही. डॉक्टर नको म्हणाला तर फॉर्म फाड आणि तरीही ये. आपण दोघं दगडावर बसू. पण तलावातली शिकवणी दोन दिवसांची आहे, गुरुवारपर्यंत पोच.

ता. क. ३. तुझ्या बायकोशी बोलले. दवाखाना दुसऱ्याला देऊन सहा महिने झाले, तरी तू रोज नऊला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसतोस म्हणाली. मला तू पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विचारलं होतंस, "ताई, आता मी काय करू?" लहानपणापासून तू मला असं कधी विचारलं नव्हतंस. महिनाभर उत्तर शोधते आहे, ते हे एवढंच सापडलं. येताना पोहायची चड्डी आण. इथे तुझ्या मापाची मिळत नाही, मी दोन दुकानांत विचारून आले.