बिननावाचं जठर

१० नोव्हेंबर, रोहा
आजपासून नोकरी! हमरापूरला आमच्या कारखान्यात गणपतीची पोटं रंगवण्यात जन्म गेला, इथे पोटाच्या आतलं काम. या नव्या हॉस्पिटलात जठरातली गाठ रोबो काढतो. त्याला चार हात, डॉक्टर लतिका बाजूला बसून ते चालवतात. माणसाआधी सरावाला त्यांना रबराची जठरं हवीत. साच्यात रबर ओतायचं, गाठ चिकटवायची, रंगवायचं. गाठ कुठे, ते माझ्या मर्जीवर. डॉक्टरबाई हसऱ्या आहेत, आणि इथला चहा फुकट!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
तीन जठरं झाली. मूर्तीखाली गिऱ्हाईकाचं नाव लिहायची सवय काही सुटेना, म्हणून यांच्याखालीही सुचतील ती लिहिली: नाथा, धोंडुबाई, रघू. बाई म्हणाल्या, तिसऱ्याची अवघड कर. खोल, पसरट लावली. सरावात ते फाटलं. रबरच तर आहे, म्हणाल्या.

२० नोव्हेंबर
पेणहून मिठागरावरचे एक नाथा आले. गाठ मी लावली होती तिथेच, जांभळाएवढी. व्यवस्थित निघाली. बाई खूश. योगायोग, दुसरं काय.

२५ नोव्हेंबर
खांबची एक म्हातारी दाखल झाली. धोंडुबाई. गाठ मागच्या बाजूला, मी लावली तशीच. कधीपासून विचारलं, तर म्हणाली, "मला काय पण नव्हतं गो बाय. चौदा तारखेला झोपले, सकाळी हाताला गाठ लागली." बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, अगं भूमिका, मग नावं लिहू नकोस.

२८ नोव्हेंबर
आज रघू नावाचा पेशंट ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. दोन मुलींचा बाप. गाठ खोल होती, पसरट. जठर फाटलं. रडू येईल म्हणून बसून राहिले. आलं नाही. डबा खाल्ला.

२ डिसेंबर
नवं जठर केलं. नाव लिहिलं नाही.

३ डिसेंबर
आंघोळ करताना — बरगडीखाली. दुखत नाही. दाबलं तरी कळत नाही. रबर दाबल्यासारखं.

४ डिसेंबर
दुर्बीण घालून पाहिलं. नव्या जठरात गाठ लावली तीच जागा. बाई हसल्या नाहीत. उद्या सकाळी त्याच जठरावर सराव, मग मी.
फेकून द्यावं? पण फाटलं तर — रघू —
नाव नसलेली मूर्ती कारखान्यातच राहते. बनवणाऱ्याकडे. कोणाचं नाव लागलं की मग त्याची —

५ डिसेंबर
जठर मांडीवर. मार्करचं टोपण काढलंय. बाई न्यायला येतायत, दारापर्यंत आल्या — वाईट वाटायला हवं. वाटत नाही. एकच नाव सुचतंय. डॉ. ल