वेळेआधीची भैरवी

फरीदाबाद,
२ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. सुमित्राताईस,
अलकाचा सा. न. वि. वि.

पुण्याहून पाठवलेलं मेतकूट पोचलं. मामंजींनी, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांनी, डबा थेट स्वतःच्या कपाटात नेऊन ठेवला. मागितल्याशिवाय आम्हाला मिळत नाही.

रविवारी बारा तारखेला आमच्या मराठी मंडळाच्या हॉलचं एका संध्याकाळपुरतं कॉफी हाउस होणार आहे. छोटी टेबलं, त्यावर आम्हा बायकांच्या जुन्या साड्या अंथरलेल्या, कॉफी शेजारच्या विजयालक्ष्मीच्या हातची, आणि आम्ही गाणार. जे पैसे जमतील ते गावाकडून दिल्लीला उपचारांसाठी येणाऱ्या पेशंटांच्या नातेवाइकांना राहायला खोल्या बांधण्यासाठी. काम चांगलं आहे. माझं मन मात्र चांगलं नाही.

नऊ वर्षं या मैफलीचा शेवट मी करते. यंदा सेक्रेटरी कुमुदने मला शेवटून दुसरं बसवलं आणि शेवट दिला वृंदाला. हो, तीच, माझी नणंद. शांतारामशी, ख्रिश्चन मुलाशी, लग्न केलं म्हणून भाऊसाहेबांनी अकरा वर्षं जिचं नाव घेतलं नाही ती. शांतारामच्या बदलीमुळे दिवाळीत दिल्लीला आलीय. एक रिहर्सल काय झाली, कुमुद म्हणते हिचा आवाज बिल्कुल अलग आहे. मग माझा काय नऊ वर्षं सगळ्यांसारखाच होता? तुझ्याजवळ म्हणून लिहिते, नुसता जळफळाट होतोय. तिला भाऊसाहेबांनी स्वतः शिकवलं. मला ते फक्त 'छान' म्हणतात, भाजीला म्हणतात तसं.

पत्र फाडून टाक. रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझी,
अलका


फरीदाबाद,
१४ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मैफल झाली. हॉल भरला होता. गुडघे दुखत असूनही भाऊसाहेब आले, इस्त्रीचा कोट घालून पहिल्या टेबलाशी बसले. मला वाटलं, सुनेसाठी.

मला एक भजन गायला सांगितलं होतं. मी भैरवी गायले. भैरवी झाली की मैफल संपली, मग कुणी गात नाही, हे तुला सांगायला नको. लोकांनी कप खाली ठेवले, स्वेटर चढवले आणि उठले. कुमुद माइकवर थांबा थांबा म्हणत राहिली. भाऊसाहेब तर भैरवीनंतर एक सूर कानावर पडू देत नाहीत, काठी घेऊन तेच पहिले बाहेर पडले. वृंदा बाजूला उभी होती. नंतर ती आमच्याबरोबर कप गोळा करू लागली.

आधी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण परतताना बसमध्ये भाऊसाहेब नुसते खिडकीबाहेर बघत बसले. 'छान'सुद्धा म्हणाले नाहीत.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तरी म्हण.

तुझी,
अलका


सरोजिनीनगर, नवी दिल्ली,
२१ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. अलकावहिनींस,
वृंदाचा सा. न. वि. वि.

तुम्ही चुकून भैरवी घेतलीत, असं कुमुदताईंना मीच सांगितलं. पण वहिनी, भाऊसाहेबांच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या हातून भैरवी चुकून होत नाही. आठवडाभर मला फार राग आला होता.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी. जानेवारीत मला भाऊसाहेबांचं कार्ड आलं, अकरा वर्षांत पहिलं. दोनच ओळी होत्या. तुझ्या घरी मी येणार नाही, तू इथे येऊ नकोस, पण मंडळाच्या कॉफीच्या कार्यक्रमात गाणार असशील तर ऐकायला हरकत नाही. शेवटची जागा मी मागितली नव्हती. मिळाली तेव्हा वाटलं, बरं झालं, नंतर कुणाला घाई नसेल, भाऊसाहेब दोन शब्द बोलतील.

हे तुम्हाला कळवू नये असं शांतारामचं मत आहे. पण न कळवता राहिले तर मी तुमचा हेवाच करत बसेन. तुम्ही रोज त्यांच्या हातात चहा देता.

दादाला नमस्कार. प्रेम नसलं तर राग तरी ठेवा, पण काहीतरी असू द्या.

तुमची,
वृंदा


फरीदाबाद,
२८ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. वृंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चूक नव्हती, मी मुद्दाम केलं. मला तुझा हेवा वाटत होता आणि अजून वाटतो. पत्रसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं लिहितेस.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी भाऊसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते चहा तसाच ठेवून उठले. तीन दिवस जेवणाचं ताटही खोलीतच मागवलं. ह्यांनीही मला बरंच ऐकवलं, आणि ते बरोबरच होतं.

आज सकाळी पाहते तर भाऊसाहेब तंबोऱ्याची खोळ काढून खुंट्या पिळत बसलेले. हा तंबोरा इतकी वर्षं माझ्या पट्टीत, काळी चारमध्ये लावलेला असतो. मी म्हटलं, वर चढतोय, तार तुटेल. तर मान वर न करता म्हणाले की तिची पट्टी काळी पाच आहे. अकरा वर्षांनी, वृंदा, कुणाला न विचारता.

या रविवारी, पाच तारखेला, सकाळीच ये. शांतारामरावांना घेऊन ये. हे निमंत्रण भाऊसाहेबांचं नाही, माझं आहे, आणि घर माझंही आहे. तुझ्या मागे तंबोऱ्यावर मी बसेन. तू गाताना मागे वळून मात्र बघू नकोस, माझं तोंड कसं झालेलं असेल सांगता येत नाही.

तुझी,
वहिनी