गढूळ बिअरचा अहवाल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण माझे गुडघे खाली जायला तयार होतात आणि वर यायची हमी देत नाहीत, म्हणून हा उभ्यानेच घातलेला नमस्कार साष्टांगाच्या जागी धरावास. तुझी कंबर काय म्हणते? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? (घालत नसशील. दुसऱ्यांच्या औषधांच्या वेळा तुला तोंडपाठ, स्वतःच्या तेवढ्या आठवत नाहीत.) भावजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. आम्ही दोघं बरी आहोत. तुझी भावजय नमस्कार सांगते आहे आणि "खरं तेवढंच लिहा" असंही सांगते आहे, त्यामुळे पत्र जरा लांबेल.

विषय ढब्याचा आहे. थांब, पत्र मिटू नकोस. पोटच्या पोराशी तू अकरा महिने बोलली नाहीस, हे मला ठाऊक आहे. चांगली पंख्याखालची नोकरी सोडून तो बिअर गाळायला लागला, याचा तुला राग आहे, आणि जुन्या साहेबांनी त्याची खुर्ची महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली आहे, हे तूच मला फोनवर तीनदा सांगितलंस. त्या खुर्चीत परत जायचं की नाही, याचा निकाल गेल्या शनिवारी लागायचा होता. शहरात चार हॉटेलं असलेल्या एक बाई त्याची बिअर चाखायला येणार होत्या. सोबत एक दाढीवाले परीक्षक, ज्यांचा धंदाच बिअर पिऊन गुण देणं हा आहे. (असा धंदा असतो हे मला तरुणपणी कोणी सांगितलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.) दोघांनी दहापैकी किमान आठ गुण दिले तर बाई त्याचा माल चारही हॉटेलांत ठेवणार. नाही दिले तर तो कारखाना बंद करून मुकाट त्या खुर्चीत जाऊन बसणार. हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. आता शनिवारी काय झालं ते सांगायचं तर आधीचा आठवडा सांगावा लागेल, आणि त्यात माझं वागणं फारसं शोभणारं नाही.

कारखाना म्हणजे टायरचं जुनं गोदाम, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आत चकचकीत पोलादी टाक्या, जमीन सतत ओली, आणि पोरगा गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून दिवसभर काही ना काही धूत असतो. ताई, लहानपणी हात धुवायचा म्हटलं की घरभर पळायचा तो हा! आता सहा फूट उंच आणि अंगाने काडी झालाय, तरी मी ढब्याच म्हणतो. त्या शनिवारच्या आधीच्या सोमवारी त्याने मला बोलावून घेतलं, पोटाशी फुगीर असलेला एक ग्लास भरून पुढे केला, सोबत गुणांचा छापील कागद दिला आणि म्हणाला, "मामा, चाखून बघ आणि गुण दे. तू खोटं बोलत नाहीस."

मी ग्लास उजेडात धरला. बिअर गढूळ होती. थोडीथोडकी नव्हे, ग्लासामागे बोट धरलं तर बोट दिसेना. रंग पिवळा-नारिंगी, जसं काही कोणी तळ ढवळून भरलंय. तुला माहीतच आहे, पाणीपुरवठा खात्याच्या शुद्धीकरण केंद्रात मी छत्तीस वर्षं पाण्याचे नमुने तपासले. गढूळपणा हा माझा जन्माचा वैरी. मी कागदावर "दिसणं" या रकान्यात शून्य लिहिलं आणि पुढे, हात आपोआपच गेला, शेरा मारला: "पिण्यास अयोग्य. पुन्हा शुद्धीकरणास पाठवावे." खाली सही आणि तारीख.

ढब्याने शेरा वाचला आणि डोकं धरलं. मग समजावत बसला की ही मुद्दामच धूसर ठेवलेली बिअर आहे, हिला हेझी आयपीए म्हणतात, हिच्यात ओट्स घालतात आणि हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालतात, आणि हल्लीच्या लोकांना ती अशीच लागते. मी मान डोलावली. (पटलं म्हणून नव्हे. नुकतेच नोकरीला लागलेले अभियंतेही मला असंच काहीबाही समजावायचे, तेव्हाही मी मान डोलवायचो.) मग नाक जवळ नेलं. ताई, खरं सांगतो, आंबा! पिकलेला आंबा, मागून अननस, आणि त्याच्याही मागून कोणीतरी संत्रं सोलत बसलंय असा वास. मी लगेच विचारलं, कुठल्या कंपनीचा रस घातलास? तो म्हणाला, फळाचा थेंब नाही, सगळा वास त्या फुलांचा. माझा विश्वास बसेना, म्हणून खात्रीसाठी एक घोट घेतला. मग निष्कर्षाला एका घोटाचा आधार पुरेसा नसतो, म्हणून दुसरा. आधी गोडसर, मऊ, आणि शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला बेताचा कडवटपणा, रागावून लगेच हसणाऱ्या माणसासारखा. मी ग्लास संपवला, वास आणि चव या रकान्यांत गंभीर चेहऱ्याने नऊ-नऊ लिहिले, आणि अधिक तपासणीसाठी आठ बाटल्या घरी घेऊन आलो.

इथे पत्र संपलं असतं तर किती बरं झालं असतं! पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. घरी आल्यावर मला चैन पडेना. एवढा चांगला वास, एवढी चांगली चव, आणि पोराचं नशीब अडणार कुठे, तर गढूळपणापाशी. हॉटेलवाल्या बाई ग्लास उजेडात धरणार, नाक मुरडणार आणि निघून जाणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पोराला कळत नाही, पण मामाला कळतं ना? मी स्वयंपाकघरातले सहा काचेचे पेले ओट्यावर ओळीने मांडले, दोन बाटल्या त्यांत वाटून ओतल्या, आणि आम्ही केंद्रात करायचो तसं प्रत्येकात चढत्या मापाने तुरटीचं पाणी घालून चमच्याने सावकाश ढवळलं. तुझी भावजय दारात उभी राहून म्हणाली, "ह्यांना सेवानिवृत्त केलंय हे कोणीतरी ह्यांना सांगा हो." अर्ध्या तासाने चौथ्या पेल्यात गाळ तळाला बसला आणि वर बिअर निवळशंख झाली. सोन्यासारखी! मला इतका आनंद झाला की ती चाखून बघावी हे सुचलंच नाही. आमच्या कामात निवळलेलं पाणी पुढे गाळायचं असतं, चवीचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. माझ्या बाबतीत तो थेट शनिवारी आला.

शुक्रवारी ढब्या नवे ग्लास आणायला गेला आणि मला गोदामात राखणीला बसवून गेला. परीक्षणाचा सगळा माल एका लहान टाकीत वेगळा काढून ठेवला होता. मी झाकण उघडलं. (झाकण उघडलं की वारा आत जातो आणि वासाची वाट लागते, हे मला नंतर सांगण्यात आलं.) चौथ्या पेल्याच्या मापाने तुरटी विरघळवून ओतली, लांब पळीने ढवळलं, झाकण लावलं, आणि ढब्या आला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. उपकार करून गप्प बसण्यात जे समाधान असतं ते माझ्या चेहऱ्यावर असणार, कारण त्याने विचारलं, "मामा, बरं वाटतंय ना?"

शनिवारी पाहुणे आले. बाई शांत, बोलणं मोजकं. दाढीवाले ग्लासकडे बघताना एक डोळा मिटायचे. ढब्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि कानामागे साबणाचा फेस तसाच राहिला होता. त्याने टाकीची तोटी उघडली, आणि ग्लासात पडली ती नितळ, लखलखीत, आरपार दिसणारी बिअर. ताई, मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आनंद दिसेल म्हणून बघत होतो. पण त्याचा रंगच उडाला. दाढीवाल्यांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड कच्चं केळं चावल्यासारखं आवळलं. बाईंनी ग्लास हळूच खाली ठेवला आणि विचारलं, "हेझी म्हणाला होतात ना?" मी घाईघाईने माझ्या ग्लासातली चाखली. आंबा गेला होता, अननस गेला होता, संत्रं सोलणारा उठून निघून गेला होता. उरला होता कडवटपणा आणि वर तुरटी.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे आपली आई मला उद्देशूनच म्हणायची. मी उभा राहिलो. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं, पण पोरगा टाकीकडे असा बघत होता की जणू चूक त्याच्याच हाताची होती, आणि ते मला बघवेना. मी सगळं सांगितलं, मापासकट. दाढीवाल्यांनी दोन्ही डोळे उघडले. ढब्या माझ्यावर ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो रिकाम्या खोक्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "मामा, तू गाळ काढलास? अरे, तोच तर माल होता."

तेव्हा मला घरच्या बाटल्या आठवल्या. मी धावलो. (गुडघ्यांबद्दल वर लिहिलेलं खरं आहे. तरी धावलो.) पण आठांपैकी दोन तुरटीत गेल्या होत्या आणि बाकीच्यांची मी बुधवार-गुरुवारात इतकी कसून तपासणी केली होती की फडताळात एकही शिल्लक नव्हती. मी ओट्याला धरून उभा राहिलो आणि, लपवून काय करू, रडलो. तुझ्या भावजयीने फ्रिजमधला भाजीचा कप्पा उघडला आणि कोबीमागून तीन बाटल्या काढल्या. म्हणाली, "तुमची तपासणी वाढत चालली होती, म्हणून लपवल्या होत्या. जा आता, आणि कशात काही घालू नका." घरात एक शहाणं माणूस असावं लागतं, आणि ते मी नाही, एवढं या आठवड्यात सिद्ध झालं.

तीन बाटल्या ढब्याने हळुवार उलट्या करून, तळ हलवून, पाहुण्यांच्या पुढ्यात ओतल्या. पुन्हा तो गढूळ नारिंगी रंग. मला तो रंग बघून इतकं बरं वाटेल असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याचा नमुना तपासायला घेतला असता. बाईंनी वास घेतला आणि डोळे मिटून बसल्या. दाढीवाल्यांनी दुसरी बाटली स्वतःच पुढे ओढली. गुण: बाईंचे साडेआठ, दाढीवाल्यांचे नऊ. बाईंनी तिथेच सांगितलं, चारही हॉटेलांत ठेवू. फक्त जाताना ढब्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, टाकीला कुलूप लावा. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

सगळे गेल्यावर मी माझ्या कागदावरचा शेरा खोडायला निघालो, तर ढब्या खोडू देईना. त्याने तो भिंतीला चिकटवला आहे. मी रोज सकाळी तिथे जातो, टाक्या धुवायला मदत करतो (रिकाम्या), आणि मला घरी बसून जेवढं म्हातारं वाटतं तेवढं तिथे वाटत नाही. भावजींना नमस्कार. थेंब घाल.

तुझा धाकटा

ता. क. : साहेबांना त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसवायला सांग. बिचारे वाट बघत असतील.

ता. क. २ : गुण जाहीर झाल्यावर ढब्या नाचला नाही की ओरडला नाही. टाकीमागे जाऊन त्याने फोन काढला, तुझं नाव काढलं, बराच वेळ बघितलं आणि फोन परत खिशात ठेवला. मी बघत होतो हे त्याला माहीत नाही.

ता. क. ३ : एवढं सगळं लिहिलं ते खरं तर पुढच्या चार ओळी लिहायचा धीर होईना म्हणून. अकरा महिन्यांपूर्वी "पोरगा वाया गेला, त्याला जरा धाकात ठेव" असं पत्र तुला मीच लिहिलं होतं. तेव्हा मी त्या गोदामात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. नमुना न घेता सही केलेला छत्तीस वर्षांतला आणि त्यानंतरचाही तो माझा एकच अहवाल, आणि तू तो खरा मानलास, कारण मी खोटं बोलत नाही असं तुलाही वाटतं. काल टाकी धुताना मी ढब्याला हे सांगून टाकलं. तो म्हणाला, "माहीत आहे, मामा. आईने तेव्हाच फोनवर वाचून दाखवलं होतं." आणि तरी पहिला ग्लास त्याने माझ्याच हातात दिला होता, ताई. तो अहवाल रद्द समज आणि त्याला फोन कर. सकाळी आठपर्यंत त्याचे हात ओले असतात, तेव्हा त्यानंतर कर, आणि आधी मला करू नकोस, थेट त्यालाच कर.