काउंटर सातशे चाळीस

१० नोव्हेंबर १९८९, शुक्रवार

आली! कॅसेट आली! परभणीचा एकजण सुट्टीहून परतला, त्याच्या बॅगेत. पंचफुलाचं लग्न — सख्ख्या बहिणीचं — झालं ताडकळसला, आन् मी इकडं मस्कतच्या कॅम्पात भांडी घासायलो. आता सगळं मेसच्या टीव्हीवर बघणार.

संगं किशनदादाची चिठ्ठी. "लग्नाला झरीची एक पोरगी आलती. सत्यशीला. दहावी पास. तुझ्यासाठी बघितलीय. तू बी बघ. काउंटर १४३२ ला हाय. पांढरी साडी. होय का न्हाई झटकन कळव, त्यायला दुसरं स्थळ आलंय."

माझं लग्न! आन् पोरगी बघायचा कार्यक्रम रिमोटवर!

११ नोव्हेंबर

व्हिडिओवर आकडे पळतात, कॅसेट किती पुढं गेली ते सांगणारे. १४३२ लावलं.

सिताराममामा. जिलेबी खायलेत. थांबवलं तर मिशीत पाक.

१३ नोव्हेंबर

माझ्या खोलीतला जोसेफ, केरळचा. व्हिडिओ त्याचाच. मामाला बघून हसून हसून लोळला. "तेरा भाई झीरो से नहीं गिना होगा!" म्हणजे कॅसेट पार सुरुवातीला न्यायची, आकडा शून्य करायचा, मग मोजायचं. दादानं आधीचा आकडा तसाच ठेवून पुढं मोजलं. त्याचा शून्य तिकडं, माझा शून्य इकडं!

म्हणलं, पांढरी साडी शोधू. दादाची अक्कल बघा — आमच्या लग्नात त्रिशरण-पंचशीलाला निम्म्या बाया पांढऱ्याच साडीत! नवरी बी पांढऱ्याच साडीत!

मागं पळवली की लोक तोंडातून जिलेबी काढून ताटात ठेवायलेत. जोसेफ म्हणला, "ऐसा शादी में खाना कभी खतम नहीं होगा."

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. सकाळपासून बसलो. मागं, पुढं, थांब. मागं, पुढं, थांब.

माय दिसली. कॅमेऱ्यात वाकून बघितलं आन् म्हणली, "सूर्यभान, जेवलास का रं?" तीनदा लावलं. तिन्हीदा "जेवलो" म्हणलो.

मग ११८६! कॅमेरावाला पंगतीत शिरला. समोर एक पोरगी, पदर खोचलेला, हातात बुंदीची बादली. थेट कॅमेऱ्याकडं बघून — "आमचं काय घ्यायलाव? नवरी तिकडं हाय! व्हा बाजूला, लोकं उपाशी हायेत!" मागून कुण्या बाईचा आवाज — "सत्यशीला, जरा हळू बोल की गं!"

हीच!

थांबवलं तर तिच्या तोंडावर पांढरी रेघ नाचायली. चालू केलं की भांडायली. भांडती तीच बरी.

२१ नोव्हेंबर

११८६ इतक्यांदा लावलं की टेपवर तिथं मुंग्या आल्या. जोसेफनं रिमोट काढून घेतला. "शादी के पहले ही घिस जाएगी!"

दादाला पत्र टाकलं. एकच शब्द. होय.

२० डिसेंबर

दादाचं उत्तर. पोरगी म्हणती — "त्यांनी मला बघितलं. मी त्यायला कुठं बघितलं? कॅसेट पाठवा म्हणावं."

वर दादा लिहितो, "लय धीट हाय. नामांतराच्या मोर्चात पुढं होती. तिला समजावणं आपल्याच्यानं होत न्हाई. तू मशिनीवर काम करताना शूटिंग काढ."

मशिनीवर! दोन सालांमागं जनरेटरपाशी उभं राहून काढलेला फोटो मीच पाठवला होता. तवापासून साऱ्या ताडकळसात मी मशिनीवाला. झरीत बी तेच सांगितलं असणार.

२४ डिसेंबर

जोसेफच्या दोस्ताचा कॅमेरा मिळणार, शुक्रवारी, एक घंटा. जनरेटरवाल्याची टोपी बी मागून ठेवली.

२९ डिसेंबर, शुक्रवार

टोपी घातली. जनरेटरपाशी उभा राहिलो. जोसेफ म्हणला, "बोल!"

डोक्यात एकच — ती थांबवून बघणार. मागं नेऊन बघणार. मी तिला बघितलं तसंच. मग तिला हात दिसणार, साबणानं फुगलेले, तारेच्या घासणीनं चिरलेले. मशिनीवाल्याचे हात असले असतात व्हय?

टोपी काढली. मेसमध्ये गेलो. आमच्याकडं तीनशे माणसांचं पातेलं हाय, आत उतरूनच घासावं लागतं. उतरलो. मुंडकं बाहेर काढून म्हणलो, "जयभीम. मी सूर्यभान. सातवी नापास. मशिनीवर न्हाई. माझं काम हे."

पुढं काय काय बोललो, काय काय केलं, ध्यानात न्हाई. जोसेफ हसायला लागला की कॅमेरा हलायचा. पाऊण घंटा!

एकजण सांजच्या विमानानं निघालता. त्याच्याच हाती दिली. दुसरी उतरवून ठेवायला टाइम कुठला!

३० डिसेंबर

मी काय केलं हे!

९ फेब्रुवारी १९९०

टपाल आलं. माझं काही न्हाई.

१६ फेब्रुवारी

आज बी न्हाई. दुसरं स्थळ खऱ्या मशिनीवालं असंल. जोसेफ म्हणतो, धीर धर. पातेली घासायलो.

२ मार्च

पत्र! दादाचं अक्षर न्हाई. बारीक, सरळ ओळीतलं.

"कॅसेट सुरुवातीला नेऊन, आकडा शून्य करून बघितली. तुमची मशीन मला बघायचीच न्हवती. पसंत. ७४० ला तुमी जे केलाव, त्याच्यासाठी. — सत्यशीला."

३ मार्च

७४० ला मी काय केलं?! कॅसेट तिच्याकडं. जोसेफला बी आठवंना.

सुट्टीचा अर्ज दिला. साहेबानं विचारलं, कारण? म्हणलं, एक कॅसेट बघायचीय.