ह्यांच्या डाव्या अंगाचं तेल

मी, इंदुमती भगवान तायडे, वय अडुसष्ट, राहणार आदर्श नगर, जयपूर, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. सोमवारी माझं ऑपरेशन आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही, सगळं समजतं. शिक्षण तिसरी. चूक दिसली तर वाचणाऱ्याने गिळावी.

घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते माझे यजमान भगवान तायडे, रेल्वेतून निवृत्त, ह्यांचं. त्यांच्यामागे मुलगा प्रबुद्ध याचं. हे जिवंत असेतो घर विकू नये, गहाण टाकू नये, आणि ह्यांना मागच्या खोलीत ढकलू नये.

ह्यांचं डावं अंग लकव्याने गेलं. वाचाही गेली. चौमूं गावच्या वैद्यांनी रोज सकाळी कोमट तेलाची मालीश सांगितली आहे. त्या अंगाला गरम कळत नाही, म्हणून तेल आधी आपल्या मनगटावर टाकून बघायचं. मागच्या थंडीत मालीश केंद्रातला माणूस बोलावला. त्याने कढत तेल ओतलं. मांडीला फोड आले आणि हे त्याच्याकडे बघून हसत होते. तेव्हापासून मला धड झोप नाही.

परवा प्रबुद्धला मालीशीला बसवलं. बापाच्या उघड्या अंगाला हात लावायला लाजतो. वाटी धरून म्हणतो, "आई, बाबांना विचार ना, गरम तर नाही?"

"ते काय सांगणार? तुझा हात मेला का?"

"बरं, बघतो." आणि वाटीत फुंकर मारली! मनगट कोरडंच.

सून यमुना करील, पण फोन कानाला लावून. फोन बाजूला ठेवावा. शिलाई मशीन तिला. नात प्रियंका म्हणाली, "आजी, मतलब, मला नाही होणार." तोंडावर खरं बोलली, म्हणून माझे कानातले तिला. नणंद कलावती ह्यांच्या उशाशी उभी राहून म्हणाली, "अजून किती दिवस काढणार हा?" तिला काही नाही. आली तर जेवायला वाढा.

सोमवारी माझं बरंवाईट झालं तर घरात माणसं जमतील, रडारड होईल. तरी मंगळवारी सकाळी प्रबुद्धने आधी बापाची मालीश पुरती करावी, मग मला उचलावं. मला घाई नाही.

सही: इंदुमती भगवान तायडे

बाईंनी हे आम्हाला वाचून दाखवलं आणि आमच्यादेखत सही केली:
१. गुलाबराव वानखेडे, शेजारी
२. शालिनी गुलाबराव वानखेडे

जयपूर, शुक्रवार, १३ जानेवारी २००६