भागूबाई, आहेस का घरात?

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा तेच. सातव्या मजल्यावरची काच बाहेरून बसवायची होती. कमरेला पट्टा, खाली जाळी — सगळं होतं. तरी मी नाही म्हणालो. उंचीची भीतीच वाटते, मी काय करू! मुकादम वरून ओरडला, अख्ख्या इमारतीने ऐकलं, ‘भागूबाई, तू खालीच बस, काचा काप.’ त्याला आम्ही भोंगा म्हणतो ते उगाच नाही.

बसलो खाली. कापल्या काचा. जेवायला सगळे वर गच्चीत गेले, हसण्याचा आवाज येत होता. मी खोक्यांच्या शेजारी डबा उघडला. समोर काच टेकवलेली, त्यात मीच जेवताना दिसत होतो. पन्नाशीला आलो, अजून भागूबाईच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आईने आजही मान वळवली नाही. भिंतीकडे तोंड करून बसलेली. दिवसा तिच्यापाशी असतात त्या मावशी म्हणाल्या, आजी-आजी करून घसा सुकला माझा. डॉक्टर म्हणाले होते, नावाने हाक मारून बघा, बाकी सगळं पुसलं तरी नाव राहतं. म्हणून कागदावरचं नाव घेऊन हाक मारली. आईला नावाने हाक मारायची म्हणजे जीभ अडखळते. तरी मारली. काही नाही! शेजारच्या बाईला बोलावतोय असं तिचं तोंड. कान तपासून झालेत. कान ठणठणीत आहेत.

घरात माणसं दोन आणि बोलणारा एक. तोही इथे, वहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

दूधवाल्याशी बोललो. ‘अर्धाच’ म्हणालो. आज एवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार

आज झालं ते नीट लिहून ठेवतो.

भोंग्याची मोजपट्टी चुकून माझ्या पिशवीत आली होती. ती न्यायला तो सकाळी आला. मी मोरीशी दाढी करत होतो, गालाला साबण. तो कसला वर येतोय! जिन्यातूनच आवाज दिला, ‘भागूबाई, आहेस का घरात?’

आणि आतून उत्तर गेलं, ‘आले गं, आले.’

मला वाटलं मावशी. मग आठवलं, रविवारी मावशी येत नाहीत. वस्तरा ठेवून आत धावलो. आई उभी होती. एका हाताने पलंग धरलेला, पायाने चपला चाचपत होती. चेहरा — कसा सांगू — मैत्रिणींनी खेळायला बोलावल्यासारखा. ‘कोण आलंय?’ तिने विचारलं. किती महिन्यांनी आईने काहीतरी विचारलं!

तोवर भोंगा दारात. मी त्याला म्हणालो, पुन्हा हाक मार. तो ओशाळला. म्हणाला, तुझ्या आईसमोर कशी मारू, ती चेष्टेतली हाक. मी म्हणालो, मार. मग त्याने हळू आवाजात हाक मारली. त्याच्याकडे हळू आवाज आहे हेही मला आजच कळलं.

‘ओ,’ आई म्हणाली. आणि हसली. त्याच्याकडे बघून.

१० फेब्रुवारी, सोमवार

मामाला फोन केला. आईचा धाकटा भाऊ, आता तेवढाच उरलाय. कालचं सांगितलं. 

तो म्हणाला, तिचं खरं नाव भागीरथी. घरात भागू. लग्न झाल्यावर बाबांच्या मित्रांनी थट्टा मांडली — याची बायको म्हणजे भागूबाई, मग हा कोण! बाबांनी आठवड्याच्या आत सांगून टाकलं, हे नाव चालणार नाही. नवं नाव ठेवलं, कागदावर चढवलं. जुनं कोणी घ्यायचं नाही. तिच्या माहेरच्यांनीसुद्धा.

‘एकदाच बोलली होती माझ्यापाशी,’ मामा म्हणाला. ‘म्हणाली, यांना माझ्या नावाची लाज वाटते रे.’

भागू म्हणणारे त्यांचे आईवडील गेले, तिचा थोरला दादा गेला. मामा धाकटा, तो ताईच म्हणायचा. म्हणजे त्या नावाने हाक मारणारं जगात कोणी नव्हतं. भोंगा सोडून!

मामाने विचारलं, तुला ठाऊकच नव्हतं? नव्हतं. मला तिचं नाव आई.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावरून येताना वाचनालयात शिरलो. शब्दकोश मागितला. भागीरथी म्हणजे नदी. भगीरथाने पिढ्यान्‌पिढ्यांचा हट्ट पुरा करून खाली आणली, म्हणून त्याच्या नावावर. त्याच कोशात पुढे भागूबाई — भित्रा, नेभळट पुरुष. वा रे वा! कंबर कसून मोठं काम केलं तर भगीरथ प्रयत्न, आणि शिडीला घाबरला की भागूबाई. नाव एकच. बाईचं झालं की त्याची अशी गत.

घरी चालत येताना आणखी एक सुचलं आणि रस्त्यात थांबलोच. बाबा गेल्यावर आईला पाकिटं यायची त्यांवर नावाआधी ‘गं. भा.’ असायचं. गंगा भागीरथी. नवरा नसलेल्या बाईचं बिरुद. बाबांनी काढून टाकलेलं नाव बाबा गेल्यावरच परत आलं, तेही दोन अक्षरांत, वर टिंब देऊन. ती पाकिटं आई उलटी करून ठेवायची. मला वाटायचं, बाबांची आठवण नको म्हणून.

१६ फेब्रुवारी, रविवार

भोंगा आपणहून आला. केळी घेऊन. आईजवळ स्टुलावर बसला, तिला भागूबाई म्हणाला आणि ती सुरूच झाली. झाडावर चढायची म्हणे, सगळ्यात वरच्या फांदीवर, खालून मुलगे रडायचे ये ना खाली म्हणून. भोंग्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग केळं सोलून तिच्या हातात ठेवलं. भला माणूस आहे.

मी चहा केला. दोघांना दिला. माझा ओट्यापाशी प्यालो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आता कामावर मला भागूबाई कोणी म्हणत नाही. भोंग्याने सगळ्यांना सांगितलंय वाटतं. त्याऐवजी काही म्हणतही नाहीत. ‘अरे, ती काच दे.’ ‘ए, इकडे धर.’

सुटलो म्हणायला हवं. तसं वाटत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

भोंगा आला नाही, त्याच्या मुलीकडे गेलाय. आई दाराकडे बघत बसली. दुपारपर्यंत. शेवटी मला बघवेना. स्वयंपाकघरात गेलो, पाठ फिरवली आणि म्हणालो, ‘भागू.’

‘ओ!’

लगेच. जणू मी हाक मारायचीच वाट बघत होती. भिंत धरत धरत दारापर्यंत आली. मी वळलो. तिने मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि पदर सावरला.

‘तुम्ही कोण?’ म्हणाली.

तुम्ही! आई मला अहो-जाहो करते. आई म्हटलं तर तिला ऐकू येत नाही, आणि भागू म्हटलं तर मी कोणीच नाही. मी म्हणालो, मी इथेच राहतो. ती म्हणाली, बरं. आणि हळूहळू परत गेली.

भाजी करपली. तशीच खाल्ली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मावशी म्हणाल्या, मीही आता भागूताई म्हणते, खुशीत असतात. मग हसून म्हणाल्या, तुम्ही आई म्हणणं सोडा हो.

सोडा म्हणे.

२ मार्च, रविवार

आज ती आपणहून स्वयंपाकघरात आली. माझी बाही धरून उभी राहिली. 

‘दादा,’ म्हणाली, ‘तू सांग ना त्यांना. माझं नाव बदलू नका म्हणावं.’

मी गॅस बंद केला. म्हणालो, सांगतो. ती हलेना. म्हणून दार उघडून जिन्यात गेलो, तिथे जरा उभा राहिलो आणि परत आलो.

‘सांगितलं, भागू. नाही बदलणार म्हणाले.’